निकालाचा तक्ता आणि गणिताच्या मॅडम: एक प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागातली ही एक अनुदानित माध्यमिक शाळा आहे. शाळेचं नाव इथं देत नाही, आणि ज्या दोन शिक्षकांविषयी हे लिहिते आहे त्यांचंही. दोघांनी लिहायला होकार दिला तो याच अटीवर. म्हणून मुलं त्यांना ज्या नावानं हाक मारतात तेच मी वापरणार आहे: गणिताच्या मॅडम आणि नवीन सर. मी या शाळेत समुपदेशक म्हणून जाते. काम मुलांचं, पण ज्या शाळेत शिक्षक मोकळे नाहीत तिथं मुलांचं काम अर्धवटच राहतं, हे माझं मत आहे आणि या प्रकरणानंतर ते आणखी पक्कं झालं आहे.

शाळा आणि तिची मुलं

अशोक चौकातून पुढं एमआयडीसीच्या दिशेनं जाणाऱ्या वस्त्यांमधली मुलं इथं येतात. वडील यंत्रमागावर किंवा टॉवेल-चादरीच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळणारी, हे अनेक घरांचं चित्र. शाळा मराठी माध्यमाची, पण घरात तेलुगू बोलणारी मुलं वर्गात पुष्कळ. त्यांच्या जोडीला कन्नड आणि उर्दू. मुलगा मराठीत उत्तर देतो, शेजारच्याला तेलुगूत समजावतो आणि मधल्या सुट्टीत सगळ्या भाषांतून भांडतो.

दहावीच्या दोन तुकड्या. नववीच्या वार्षिक परीक्षेतल्या गुणांवरून त्या पाडल्या जातात. वरची मुलं ‘अ’मध्ये, उरलेली ‘ब’मध्ये. शाळेत ही रीत जुनी आहे, त्यामुळं तिच्याकडं कुणाचं लक्षही जात नाही. पुढचं सगळं प्रकरण मात्र या रीतीवर उभं आहे.

गणिताच्या मॅडमची नोकरी चौदा वर्षांची. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरची भाषा कन्नड. तेलुगू त्या इथंच शिकल्या, पालकसभेला येणाऱ्या आयांशी बोलता बोलता. त्यांच्याकडं ‘ब’ तुकडी. नवीन सर बार्शी तालुक्यातले, सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत आलेले, अजून शिक्षणसेवक, म्हणजे ठरलेल्या मानधनावर. ‘अ’ तुकडीला पूर्वी शिकवणारे सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची तुकडी जशीच्या तशी नवीन सरांकडं आली.

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कार्यालयात रंगीत तक्ता लागलेला होता. विषय, शिक्षकाचं नाव, उत्तीर्णांची टक्केवारी, विशेष श्रेणीतली मुलं. गणितासमोर दोन नावं, एकाखाली एक. सरांच्या नावापुढचा पट्टा हिरवा आणि लांब, मॅडमच्या नावापुढचा तांबडा आणि निम्म्यावर थांबलेला. मस्टरवर सही करायला रोज सकाळी त्याच भिंतीसमोर उभं राहावं लागतं.

प्रकरण माझ्याकडं कसं आलं

मॅडम स्वतःसाठी आल्याच नाहीत. त्या ‘ब’ तुकडीतल्या एका मुलीला घेऊन आल्या. मुलगी तासाला झोपायची. घरी विड्यांची संख्या पुरी करायला आईला मदत करायची, त्यात रात्रीचे बारा वाजायचे. आम्ही तिघी बोलत बसलो. मुलगी वर्गात गेल्यावर मॅडम उठता उठता म्हणाल्या, “माझ्याकडं आली म्हणून तिचं नुकसान व्हायलंय ओ. सरांकडं पाहिजे होती ती.”

ज्या बाईनं त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईला तेलुगूतून समजावलं होतं, तीच हे म्हणत होती. मी त्यांना परत बसवलं.

त्यानंतर आमच्या बऱ्याच भेटी झाल्या, बहुतेक त्यांच्या ऑफ तासाला. हळूहळू सगळं बाहेर आलं. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. पित्त वाढलं होतं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. सकाळी सातला जादा तास सुरू केले होते, पण त्या तासांना जाताना उत्साह नव्हता, धास्ती होती. डबा शिक्षक खोलीत खाणं त्यांनी बंद केलं होतं. “प्रयोगशाळेत काम आहे” म्हणून निघून जायच्या. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन सरांनी मुलांच्या प्रतिकृतींचे फोटो टाकले, की त्या रात्री उशिरापर्यंत जाग्या.

एके दिवशी त्यांनी टाचण वही, म्हणजे पाठाची तयारी लिहायची वही, माझ्यापुढं ठेवली. मागच्या पानावर पेन्सिलीनं दोन रकाने होते. एकावर ‘अ’, दुसऱ्यावर ‘ब’. वर्गसमीकरणे कुणाची कधी संपली, अंकगणिती श्रेढीचे किती सरावसंच झाले, चाचणीत वीसपैकी अठराच्या वर किती मुलं. ‘अ’ तुकडीची माहिती त्या मुलांच्या वह्या बघून काढत होत्या. पहिली नोंद शाळा उघडल्या आठवड्यातली. एकही तारीख चुकलेली नव्हती. इतकी बारीक नोंद, पण स्वतःच्या तुकडीतलं कोण कुठं अडलंय याविषयी त्या पानावर एक ओळही नव्हती. पूर्वीच्या वर्षांच्या टाचण वह्या मी मागून पाहिल्या. त्यांत मुलांची नावं होती, कुणाला लसावि येत नाही, कुणाला ऋण चिन्ह कळत नाही, अशा नोंदी होत्या. माझ्या दृष्टीनं खरं नुकसान हे होतं. तुलनेनं त्यांची झोप नेली होतीच, पण त्यांची नजर मुलांवरून उचलून शेजारच्या वर्गावर नेऊन ठेवली होती.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी कामानं येणाऱ्या थकव्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: माणूस रिता होतो, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापासून मनानं दुरावतो आणि आपल्या हातून काही होत नाही असं त्याला वाटू लागतं. मॅडममध्ये पहिली आणि तिसरी ठळक होती. दुसरी दिसू लागली होती ती या वहीत.

“तुलना कशाला करता?”

घरी नवरा हेच म्हणत होता, शिक्षक खोलीतल्या मैत्रिणीही. प्रेमानं म्हणत होत्या, पण या वाक्यानं मॅडमचं ओझं वाढलंच. आधी कमी गुणांचं दुःख होतं, आता आपण कोत्या मनाच्या आहोत याची लाजही त्यात मिसळली.

तुलना हा स्वभावदोष नाही. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं, की आपण कसे आहोत हे माणसाला जाणून घ्यायचं असतं आणि मोजायला नेमकं माप हाताशी नसलं की तो आपल्यासारख्या दुसऱ्या माणसाकडं पाहतो. आता शिक्षकाचं काम पाहा. आमच्या मुलांच्या वडिलांना पाळी संपली की किती चादरी उतरल्या ते मोजता येतं. शिक्षकाला दिवस संपताना आज किती शिकवलं गेलं ते कळत नाही. शिवाय प्रत्येक जण आपापल्या वर्गात दार लावून शिकवतो, दुसऱ्याचं काम प्रत्यक्ष बघायला मिळतच नाही. दिसतो तो त्याचा निकाल, फलक लेखनाचा फोटो आणि मुलांच्या तोंडून आलेली वाक्यं: “मॅडम, अ तुकडीचं झालं की ओ हे.” अशा ठिकाणी माणूस तुलना करणारच. त्यात भर भिंतीवरच्या तक्त्याची. हा तक्ता शाळेनं लावला होता आणि शाळेनंच तुलना करून मॅडमच्या हातात दिली होती. ती मनातून काढून टाका असं त्यांनाच सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

तुलना नेमक्या याच माणसाशी का, हाही प्रश्न होता. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची मुलं इंटरमिजिएट परीक्षेत दरवर्षी ए श्रेणी आणतात, त्यांचा जाहीर सत्कार होतो. त्याबद्दल मॅडम भरभरून बोलायच्या. त्यात त्यांना कुठंच काही टोचत नव्हतं. मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की जवळच्या माणसाचं यश आपल्याला उजळतं किंवा झाकोळतं, आणि दोहोंपैकी काय होणार हे ते यश कोणत्या क्षेत्रातलं आहे यावर ठरतं. ज्या गोष्टीवर आपण स्वतःची ओळख बांधलेली असते, त्याच गोष्टीत शेजारचा पुढं गेला की सलतं. चित्रकला मॅडमची नव्हती. गणित मात्र त्यांचं सगळं काही होतं. गावाकडून एकटीनं सोलापुरात येऊन एमएस्सी केलेल्या बाई त्या.

आणखी एक माणूस या प्रकरणात अधूनमधून येत होता, प्रत्यक्ष नव्हे, भाषणांतून. आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांना त्याचा अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्यानंतर कुठल्याही बैठकीत “आपल्याच जिल्ह्यातला शिक्षक जगात पहिला येतो, मग तुम्हाला काय झालं?” हे वाक्य येऊ लागलं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून एका माणसानं वर्षानुवर्षं केलेलं काम त्या वाक्यात उरतच नाही, उरतो तो फक्त टोमणा.

पेनेलोप लॉकवुड आणि झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञांचं १९९७चं संशोधन मी मॅडमना सांगितलं होतं. शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनींना त्यांनी एका असामान्य शिक्षिकेविषयी वाचायला दिलं, तर तिच्या गोष्टीनं त्यांचं स्वतःविषयीचं मत उंचावलं. दुसऱ्या एका प्रयोगात एका यशस्वी विद्यार्थ्याची गोष्ट पहिल्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वाचायला दिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, कारण त्यांच्या हाती वेळ होता. चौथ्या वर्षाच्या मुलांना तसा हुरूप आला नाही. हे ऐकून मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी चौथ्या वर्षाची आहे. चौदा वर्षं झाली. आता काय बदलणार माझ्यात?”

त्यांच्या मनात रुतलेला काटा हा होता. सर पुढं आहेत यापेक्षा, आपल्याला तिथवर जायला वाटच उरलेली नाही ही समजूत. पुढचं सगळं काम मी या एका वाक्याभोवती आखलं.

दुसऱ्या बाजूनं पाहिल्यावर

नवीन सरांशी बोलायचं ठरवत होते, तेवढ्यात तेच आले. अडचण वेगळीच. “गणिताच्या मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. मी शिक्षणसेवक आहे म्हणून धरत नसतील.”

मग त्यांनी त्यांचा रकाना उघडला, वहीत नसला तरी मनात होताच. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन १८,००० रुपये. तेही जानेवारी २०२३पासून वाढलेलं. तीन वर्षं या मानधनावर काढायची, मग नियमित वेतनश्रेणी. बार्शीला आईवडील, इथं ‘जुळे सोलापूर’ भागात खोलीचं भाडं, आणि शेजारच्या वर्गात तोच विषय, तेवढेच तास, पण पगार कितीतरी पट. “मॅडम शाळेत आल्या की पोरं आपोआप उभी राहतात. पालक त्यांच्याच कानात सांगतात सगळं. मला अजून ‘नवीन सर’च म्हणतात.” आपल्या निकालाबद्दल ते म्हणाले, की तो आधीच्या सरांनी आठवी-नववीत घेतलेल्या मेहनतीचा आहे हे त्यांना माहीत आहे आणि पुढच्या वर्षी तो घसरला तर काय, याची भीती वाटते.

दोघं एकमेकांकडं मान वर करून बघत होते. एकीला दुसऱ्याचा निकाल दिसत होता, दुसऱ्याला तिची कायम नोकरी आणि मुलांतला मान. दोघांनाही आपल्याकडं काय आहे ते दिसत नव्हतं.

पगाराची गोष्ट शाळांमध्ये उघडपणे बोलली जात नाही, पण शिक्षक खोलीतल्या एकाच टेबलाभोवती किती प्रकारचे शिक्षक बसलेले असतात ते पाहायला हवं. १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतर लागलेल्यांना नाही. मॅडम नंतरच्या. मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला तेव्हा त्याही त्यात होत्या. शिक्षणसेवक त्यांच्याही खालच्या पायरीवर. काही शाळांत अंशतः अनुदानावरचे शिक्षक असतात, ठरलेल्या पगाराचा काही हिस्साच हातात पडणारे. सगळ्यांचा तास तेवढाच, दहावीच्या वह्या तेवढ्याच. ही तुलना मनाचा खेळ नाही, ती खरी विषमता आहे, आणि समुपदेशकाच्या खोलीत ती मिटवता येत नाही. सरांना मी तसं स्पष्ट सांगितलं. पण ती मॅडमनी केलेली नाही, हेही सांगितलं.

काय केलं

सुरुवात मॅडमच्या पित्तापासून आणि झोपेपासून केली. त्यांच्या डॉक्टरांना शाळेतल्या ताणाविषयी सांगायला लावलं, सातच्या जादा तासांपैकी काही कमी करवले. आठवडाभर झोप नाही आणि रडू येतं, असं कुणा शिक्षकाचं झालं असेल तर मानसिक मदतीसाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. मॅडमनी तो एकदा वापरला.

मग मुख्याध्यापकांकडं गेले. त्यांच्याविषयी इथं नीट लिहायला हवं, कारण असं प्रकरण वाचताना सगळा राग त्यांच्यावर काढणं सोपं असतं. त्यांच्या डोक्यावर संचमान्यता होती, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणारी मंजुरी. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग दुसऱ्या कुठल्या शाळेत त्याचं समायोजन होईल ते सांगता येत नाही. अक्कलकोट रोडवर निकालाचे फ्लेक्स लागतात आणि पालक ते बघून दाखले काढतात. “तक्ता लावला नाही तर संस्था विचारते, फ्लेक्स लावला नाही तर पोरं मिळत नाहीत. मी करू तरी काय?” माणूस खरंच कातावलेला होता.

मी त्यांना तक्ता काढा म्हटलं नाही. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवायला सांगितला: दहावीत आलेल्या प्रत्येक मुलाचे नववीच्या वार्षिक परीक्षेतले गणिताचे गुण. लिपिक मामांनी गुणपत्रकं काढून दिली आणि मॅडम व सर दोघांनी मिळून तो रकाना भरला. दोघं एका टेबलाला बसण्याची ती पहिली वेळ. मी मुद्दाम बाजूला होते.

भरताना दिसत गेलं ते असं. ‘अ’ तुकडीतली मुलं नववीत जिथं होती, दहावीत साधारण तिथंच किंवा थोडी वर. ‘ब’ तुकडीत नववीत जेमतेम उत्तीर्ण झालेली काही मुलं दहावीत पन्नाशीच्या पुढं गेलेली. काही मुलं मात्र दोन्ही तुकड्यांत घसरलेली होती, तीही झाकली नाहीत. आणखी बारीक बघितलं तर ‘ब’ची मुलं भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात, बरी होती आणि भाग २ मध्ये, भूमितीत, पडत होती. चाळीस-चाळीसच्या दोन प्रश्नपत्रिका आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस, यांची एकच बेरीज तक्त्यावर असल्यामुळं हे कधी दिसलंच नव्हतं. मॅडमना पहिल्यांदा एक नेमकी गोष्ट हाती लागली. “मी कमी पडते” याच्या जागी “माझी मुलं प्रमेयाला अडतात” हे आलं. आणि प्रमेयावर काम करता येतं.

पुढचा टप्पा एकमेकांच्या वर्गात बसण्याचा. लॉगबुक घेऊन मुख्याध्यापक मागं बसतात तसं नाही, वही-पेन न घेता, मुलांच्या बाकावर.

मॅडम सरांच्या ‘वर्तुळ’च्या तासाला बसल्या. सरांनी फळ्यावर पाच प्रमेयांची विधानं लिहिली आणि मुलांकडून फक्त आकृती, पक्ष आणि साध्य एवढंच लिहून घेतलं. सिद्धता एकाचीही नाही. तास संपला. बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “एवढंच? मला वाटलं काय जादू करत असतील.” त्यांच्या आवाजात हेटाळणी नव्हती, सुटका होती. त्यांच्या मुलांची गाडी विधानातच अडायची, कारण विधान मराठीत आणि मुलगा मनात तेलुगूत. सरांच्या युक्तीत तिथंच तर वेळ दिला होता. मॅडमनी ती पुढच्या आठवड्यात उचलली आणि आपली एक भर घातली: एका मुलानं विधान तेलुगूत सांगायचं, दुसऱ्यानं त्यावरून आकृती काढायची.

सर मॅडमच्या ‘अर्थनियोजन’च्या तासाला बसले. मॅडमनी एका चादरीच्या दुकानाचं खरं बिल आणलं होतं, मालकाचं नाव झाकून. करपात्र किंमत कुठली, केंद्राचा कर किती, राज्याचा किती, दोन्ही सारखे का. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो उभा राहिला आणि माल कारखान्यातून दुकानात जाताना कोण कोणाकडून कर घेतो ते सांगू लागला. त्याचे वडील त्या धंद्यात हमाली करतात. सर त्या दिवशी माझ्याकडं येऊन बसले आणि म्हणाले, “मॅडमना प्रत्येक पोराचं घर माहीत आहे. हे कुठल्या तक्त्यात येतं?”

कुठल्याच येत नाही. उन्हाळ्यात, सोलापूरच्या त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, शिक्षक प्रवेशाचे अर्ज घेऊन गल्लीगल्ली फिरतात तेव्हा सर्वांत जास्त मुलं मॅडमच आणत होत्या, कारण त्या दारात उभ्या राहून तेलुगूत बोलतात. अतिरिक्त होण्यापासून शाळा वाचत होती ती काही अंशी त्यांच्यामुळं. मी हे त्यांना आधी सांगून पाहिलं होतं, तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नव्हता. “तुम्ही अमुक गोष्टीत पुढं आहात” असं म्हणणं म्हणजे तीच तुलना उलटी करून देणं. तेच सरांनी आपल्या डोळ्यांनी बघून सांगितलं तेव्हा मॅडमच्या गळ्याखाली उतरलं.

‘समरूपता’ प्रकरणासाठी दोघांनी तुकड्या अदलाबदल केल्या. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. ‘ब’ तुकडीत सरांचे सुरुवातीचे तास फसले. त्यांचा वेग मुलांना झेपेना, मागची मुलं गप्प, पुढची मान डोलावणारी. त्यांनी शिक्षक खोलीत, सगळ्यांसमोर सांगितलं, “ब तुकडीला शिकवून बघा की एकदा, मग तक्ता वाचा.” माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची घटना. मॅडमच्या बाजूनं मी कितीही बोलले असते तरी त्या एका वाक्याएवढं वजन त्याला आलं नसतं, कारण ते ‘हिरव्या पट्ट्या’च्या माणसाकडून आलं. त्यांनी ते का म्हटलं असेल, याचं श्रेय मी त्यांनाच देते. माणूस चांगला आहे.

काय बदललं आणि काय नाही

मॅडम आता डबा शिक्षक खोलीत खातात. झोप सुधारली, गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. टाचण वहीच्या मागच्या पानावर दोन रकान्यांच्या जागी पुन्हा मुलांची नावं आली आहेत. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका दोघं मिळून काढतात आणि एकमेकांच्या तुकडीचे पेपर तपासतात. विड्या वळणारी ती मुलगी अजूनही अधूनमधून पेंगते. तिच्या घरची गरज कुणाच्या टाचण वहीनं संपणार नाही.

तुलना संपली का? नाही. चाचणीचे गुण लागले की मॅडमची नजर अजून ‘अ’च्या यादीवर जाते, असं त्या स्वतः सांगतात. फरक एवढा की आता त्या सरांना विचारतात, “हे कसं घेतलं तुम्ही?” स्पेनमधल्या शिक्षकांवरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला होता. आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीतल्या सहकाऱ्यात ज्यांना स्वतःचं उद्याचं रूप दिसत होतं त्यांच्यात थकवा कमी आढळला, आणि वाईट स्थितीतल्या सहकाऱ्यात ज्यांना आपलंच भवितव्य दिसत होतं त्यांच्यात जास्त. मॅडमच्या बाबतीत ‘बरा सहकारी’ तोच राहिला, शेजारच्याच वर्गातला. त्याच्यापर्यंत पोचायची वाट दिसली, ती त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्यावर.

सरांचं मात्र निम्मंच झालं. मॅडमविषयीचा त्यांचा गैरसमज गेला, पण मानधन तेवढंच आहे आणि महिनाअखेरीचा हिशोबही. या बाबतीत माझ्याकडून त्यांना ऐकून घेण्यापलीकडं काही मिळालं नाही. शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यावर व्याख्यानं ठेवणाऱ्यांनी, प्राणायामाची शिबिरं घेणाऱ्यांनी ही बाजू टाळू नये असं मला कळकळीनं वाटतं. सारख्या कामाला असा वेगवेगळा मोबदला असेल, तर एकमेकांच्या ताटात डोकावणं अटळ आहे.

आणि तुकड्या. गुणांवरून मुलं वेगळी काढायची आणि मग त्यांच्या शिक्षकांची गुणांवरून तुलना करायची, ही रीत तशीच आहे. नववीच्या तुकड्या यंदा मिश्र पाडल्या गेल्या, तेवढं मुख्याध्यापकांनी स्वतःच्या अधिकारात केलं. दहावीला संस्थेची परवानगी लागते. निकाल घसरेल अशी संस्थेच्या काही सदस्यांना भीती आहे. दहावीच्या तुकड्याही मिश्र कराव्यात असा अर्ज संस्थेच्या सचिवांकडं गेला आहे. त्याला नववीच्या गुणांचा तो रकाना जोडला आहे आणि खाली मॅडम आणि सर दोघांच्या सह्या आहेत. अर्जावर अजून निर्णय आलेला नाही.